‘ऑरेंज’चे श्रेय संस्कृतला द्यावे का?

मूळ मत:
संस्कृतातील ‘नारंग’ फारसीत तसाच राहिला, अरबीत ‘नारंज’ झाला आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोहोचून ‘नारांखा’ बनला. पुढे इटालियन ‘अरांचा’, फ्रेंच ‘ओरांज’ आणि इंग्रजी ‘ऑरेंज’ ही त्याचीच रूपे होत. युरोपीय भाषांवरील संस्कृतच्या ऋणाचे याहून स्वच्छ उदाहरण मला दिसत नाही.

प्रतिसाद १:
मार्ग बरोबर आहे, हरकत ‘ऋण’ या शब्दाला आहे. संस्कृत धातूंवरून ‘नारंग’ची समाधानकारक व्युत्पत्ती लागत नाही, आणि बहुतेक भाषाभ्यासक तो द्राविडी भाषांतून संस्कृतात आला असे मानतात. तेव्हा हिशेबच मांडायचा तर संस्कृत येथे सावकार नसून मधला दलाल ठरते.

प्रतिसाद २:
शब्दाच्या वादात फळ मात्र बाजूला राहिले. अरबांनी युरोपात नेलेले नारिंग कडवट होते. गोड जात तेथे रुळली ती पंधराव्या-सोळाव्या शतकांत, आणि तिचा व्यापार पोर्तुगिजांनी वाढवल्यामुळे ग्रीकमध्ये ‘पोर्तोकाली’, बल्गेरियनमध्ये ‘पोर्तोकाल’ अशी पोर्तुगालवरून पडलेली नावे चालू झाली. खुद्द अरबीतही गोड फळ ‘बुर्तुकाल’ आहे आणि ‘नारंज’ कडू फळापुरता उरला. डच लोक फळाला ‘सिनासआपेल’, म्हणजे चीनचे सफरचंद, म्हणतात. त्यांच्या ओरान्ये राजघराण्याचे नाव तर दक्षिण फ्रान्समधील ओरांज गावावरून आले, ज्याचे रोमन काळातील नाव ‘अराउसियो’ होते. त्याचे मूळ फळात नाही.

मूळ मतकर्ता:
द्राविडी मूळ मी नाकारत नाही. परंतु फारसीपर्यंत शब्द पोहोचला तो संस्कृताच्या वाटेने, आणि शब्दांच्या इतिहासात पोहोचवणाऱ्याला दलाल म्हणून खाली बसवायचे असेल, तर अरबी आणि फ्रेंच यांनाही त्याच पंगतीत बसवावे लागेल. पोर्तुगालचेच म्हणाल, तर आपले ‘संत्रे’ही तेथील सिंत्रा गावावरून आले असे सांगतात ना?

प्रतिसाद २:
सांगतात, पण ते मला पटत नाही. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, आणि १५३० मध्ये वारलेल्या बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांमध्ये ‘संगतरा’ नोंदवला आहे. एवढ्या थोड्या काळात एका पोर्तुगीज गावाचे नाव उत्तरेत पोहोचून तेथील फळाला चिकटले, हे सिद्ध करण्याचा भार सिंत्रावाल्यांवर आहे.