‘इफ आय मे’ : गृहीत धरलेली परवानगी मराठीत कशी मागावी?

मूळ प्रश्न

एका न्यायालयीन कथेचे भाषांतर करताना मी चार दिवस तीन शब्दांपाशी अडलो आहे. कथेतला वयोवृद्ध वकील न्यायाधीशांना म्हणतो, ‘दॅट, इफ आय मे, इज नॉट द क्वेश्चन.’ मी आधी ‘परवानगी असेल तर सांगतो, प्रश्न तो नाहीच’ असे लिहिले होते; संपादकांनी समासात ‘मग परवानगी दिली कोणी?’ एवढेच लिहून पान परत पाठवले. आक्षेप मला मान्य आहे, कारण मराठीत ‘असेल तर’ म्हटले की समोरचा खरोखरच उत्तर द्यायला सरसावतो, आणि हा वकील तर वाक्याच्या मधोमध, दोन स्वल्पविरामांच्या आड परवानगी मागून, कोणाकडे न पाहता पुढे निघून गेलेला असतो. ‘माझ्या मते’ केले तर अर्थ राहतो पण अदब जाते; ‘क्षमा असावी’ केले तर जी चूक त्याने मानलेलीच नाही तिची त्याने माफी मागितल्यासारखे होते. यासाठी मराठीत काही आहे का?

प्रतिसाद १

आहे, आणि ते आपण रोज वापरतो : ‘एक सांगू का?’ हे विचारणारा ‘सांगा’ ऐकायला थांबल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. ‘सांगू’, ‘येऊ’, ‘बसू’ या रूपांतच अनुमतीची विचारणा आहे, त्यासाठी वेगळे नाम जोडावे लागत नाही. दुःख एवढेच, की हल्ली सुशिक्षित माणसेही ‘मी आत येऊ शकतो का?’ असे विचारतात. येऊ शकता की नाही हे तुमच्या पायांना ठाऊक. आम्ही काय सांगणार?

प्रतिसाद २

पायांचा विनोद जुना आहे, आणि तो ज्या इंग्रजीच्या बोटाने केला जातो तिलाही लागू पडतो. ‘मे’ या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘समर्थ असणे’ असाच होता, आणि बळ या अर्थाचे ‘माइट’ हे नाम त्याच्याच मुळातले आहे. सामर्थ्याकडून परवानगीकडे इंग्रजी गेली तेव्हा भाषा बुडाली नाही. मराठी ‘शकणे’ त्याच वाटेने चालले आहे, तर त्याला भ्रष्ट का म्हणावे?

शिवाय ‘एक सांगू का?’ हे ओसरीवरचे बोलणे झाले. न्यायालयाच्या इंग्रजीत वकील ‘मे इट प्लीज द कोर्ट’ म्हणून उभा राहतो, आणि त्यातला ‘प्लीज’ म्हणजे ‘कृपया’ नव्हे. ‘न्यायालयाच्या मर्जीस येवो’ असा त्याचा भाव आहे. एका भाषांतरात मी याचे ‘कृपया न्यायालय’ केलेले वाचले आणि पुस्तक तिथेच मिटले.

प्रतिसाद ३

‘आय टेक द लिबर्टी’चा विषय निघेलच, म्हणून आधीच सांगते : त्याला ‘सलगी’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागताना ज्ञानेश्वर त्या मागणीला ‘विनवणी सलगीची’ म्हणतात. आपण सर्वज्ञांच्या सभेत बोलत आहोत ही जाणीवही तिथेच आहे आणि ऐकून घेतले जाईल ही खात्रीही. प्रश्नकर्त्यांच्या वकिलाची मुद्रा याहून वेगळी नाही. ‘सलगी करून सांगतो, प्रश्न तो नाहीच’ असे का करू नये?

प्रतिसाद ४

कारण आमच्या आजीच्या तोंडी ‘फार सलगी नको’ ही सरळ दटावणी होती. सलगी वडीलधाऱ्याने द्यायची असते. धाकट्याने ती आपण होऊन केली की तिचा आगाऊपणा होतो.

प्रतिसाद ३ लिहिणारीचे उत्तर

दटावणीचाच शब्द माणूस स्वतःला लावतो, तेव्हा तो विनय होतो. ‘लहान तोंडी मोठा घास’ हे आपण दुसऱ्याला म्हटले तर भांडण होते, स्वतःला म्हटले तर भाषणाची सुरुवात.

प्रतिसाद ५

‘बाय युअर लीव्ह’ कोणीच कसे काढले नाही? यातला ‘लीव्ह’ म्हणजे अनुमती. ‘सोडून जाणे’ हा ‘लीव्ह’ मुळात वेगळा शब्द असून पुढे दोघांचा उच्चार एक झाला. कचेरीतली ‘लीव्ह’ही या अनुमतीतूनच आली आहे. आता आपली ‘रजा’ पाहा : अरबीत संमती, खुशी, मराठीत आधी निघण्याची परवानगी, मग सुट्टी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच प्रवास केला. ‘राजीनामा’सुद्धा याच धातूचा, म्हणजे राजी असल्याचा कागद, तो नाराजीने दिला जातो ही गोष्ट निराळी.

याच ‘लीव्ह’चे जर्मन भावंड ‘मिट फेरलाउब’मध्ये आहे. 1984 साली योश्का फिशर यांनी जर्मन संसदेत ‘आपल्या अनुमतीने, अध्यक्षमहोदय’ अशी सुरुवात करून पुढच्याच शब्दांत पीठासीन उपाध्यक्षांना शिवी दिली होती. परवानगी गृहीत धरणे ते हेच.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे उत्तर

‘रजा’, ‘राजी’, ‘परवानगी’, ‘मुभा’ हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. ‘आपल्या अनुज्ञेने’ हा शुद्ध प्रयोग हाताशी असताना ही उसनवारी कशाला?

प्रतिसाद ५ लिहिणाऱ्याचे उत्तर

‘अनुज्ञा’ म्हटले की मला अनुज्ञप्तीचा अर्ज आणि त्यावरचा शिक्का दिसतो. आणि ‘उसनवारी’ म्हणताना आपण इंग्रजी साच्यातल्या ‘शकतो का’वर चिडला होता, आता फारसीवर चिडत आहात. एकाच धाग्यात दोन शेजाऱ्यांशी वैर फार झाले.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सध्या मी ‘प्रश्न, आपल्या अनुमतीने, तो नाहीच’ असे लिहून ठेवले आहे. स्वल्पविराम जागच्या जागी बसले, पण मोठ्याने वाचले की तो वकील ठराव मांडतो आहे असे वाटते. ‘सलगी’ मोहात पाडते, पण हा वकील न्यायाधीशांहून वयाने बराच मोठा आहे. मोठ्याने धाकट्याशी केलेल्या सलगीला काय म्हणतात?