फाटकासमोरचा गाडा दहाला बंद?

सचिव: नमस्कार. सोसायटीच्या फाटकासमोरचा रस ऑम्लेटचा (रश्शातल्या ऑम्लेटचा) गाडा रात्री दहाला बंद व्हावा, असं पत्र उद्या पंचायतीला देतोय. वर्दळ कमी तेवढी सुरक्षितता जास्त, असं कमिटीचं मत. हरकत असल्यास आजच कळवावी.

ए-२०४: पूर्ण पाठिंबा 👍

सी-१०३: माझी हरकत आहे. मुलीची पणजीत हॉटेलात रिसेप्शनला ड्युटी, अकराला सुटते. तेव्हा बस कुठली? पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, हायवेला सोडतो, आत यायला कुरकुरतो. तिथून फाटकापर्यंत उजेड आहे तो त्या गाड्याच्या बल्बचा. खांबावरचा दिवा गणेश चवथीपासून गेलाय.

ए-२०४: वहिनी, गैरसमज नको, पण मुलींनी इतक्या रात्री

सी-१०३: काका, ते वाक्य तिथेच राहू दे. तुमच्या मुलाची रात्रपाळी होती तेव्हा नव्हता म्हणालात.

डी-४०१: 😶

डी-४०१: मी म्हणतो ते ऐका. नाइटलाइफ म्हटलं की आपल्याला कळंगुट-बागाचे टुरिस्ट दिसतात. डिसेंबर २०२५ ला हडफड्याच्या क्लबला आग लागली, २५ माणसं गेली. त्यातली बहुतेक तिथे कामाला होती. रात्र चालवतात ती हीच पोरं. ती घरी कशी जातात हे कोण विचारतं?

ए-२०४: मान्य. पण मला आवाजाचं सांगा. शनिवारी मागच्या बारचं धडाम-धडाम एक वाजेपर्यंत. हिला बीपीची गोळी घेऊनही झोप लागत नाही. तक्रार केली तर म्हणे, आवाज हॉलच्या आत आहे. आतला आवाज माझ्या खिडकीच्या काचा हलवतो?

बी-३०२ वकीलबाई: काका, तुमची तक्रार शंभर टक्के खरी, पण ती गाड्यावर का काढता? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. बारचं वेगळं पत्र करू, मी मसुदा देते. आवाज सुरू असतानाच ११२ ला फोन करायचा आणि वेळ लिहून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सांगून काही हातात राहत नाही.

ए-१०१: आणि काळ्या पाटीच्या, भाड्याच्या स्कूटरी? पिऊन हायवेवरून सुसाट येतात. गाड्याला हेच गिऱ्हाईक.

बी-३०२ वकीलबाई: रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली तर पहिल्याच खेपेला १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नाकाबंदी हवी हायवेवर. ऑम्लेट बंद करून कुणाची उतरत नाही.

डी-४०१: उलट पोटात पाव गेला तर बरं 😂

ए-३०३ आजोबा: थोडं विषयांतर. आमच्या लहानपणी जत्रेत काल्याचं नाटक पहाटेला संपायचं. आई आम्हा तिघांना चालवत घरी आणी. काळोख असा की हात दिसू नये. तरी भीती वाटली तर ती देवचाराची, भुताखेताची, माणसाची नाही. कारण पुढे-मागे अख्खा वाडा बोलत चाललेला. खाज्याची दुकानं उघडी. आता दिवे आहेत, पण रस्त्यावर माणूस नाही.

सी-१०३: आजोबा, हेच म्हणतेय मी. माझ्या मुलीला गाडेवाला नावानिशी ओळखतो. मागे कुणी स्कूटर हळू केली तर तो गाडा सोडून पुढे येतो. तुमचा सीसीटीव्ही येतो का पुढे?

सचिव: सीसीटीव्ही बंद आहे. डीव्हीआर दुरुस्तीला दिलाय.

ए-१०१: तीन महिने झाले!!

सचिव: विषय भरकटवू नका. गाड्याचं पत्र तूर्त थांबवतो. पण त्याने कांद्याची सालं गटारात टाकू नयेत, हे कुणी तरी सांगा.

ए-२०४: मी सांगतो. बारचं पत्रही माझ्या नावाने जाऊ दे. आणि सेक्रेटरीसाहेब, दिव्याचा अर्ज रविवारी ग्रामसभेत आपण दोघं देऊ. वहिनी, मघाचं मनावर घेऊ नका.

सी-१०३: नाही घेत काका. अर्जात रात्रीची बस पण घाला. अकराची एक फेरी मिळाली तरी पुरे.

बी-३०२ वकीलबाई: दिव्याच्या अर्जात खांबाचा नंबर लागेल. कुणी खाली आहे का?

डी-४०१: खालीच आहे. अंधारात नंबर दिसत नाहीये, गाडेवाल्याकडून टॉर्च घेतो.