शाळेच्या भित्तीपत्रकावरून काढून टाकलेला मजकूर पोरांनी ब्लॉगवर टाकावा का?

कपाशी: प्रश्न वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांपुरता. सातवी-आठवीच्या पोरांनी ‘खिचडीत तांदूळ कमी पडतो’ असं लिहिलं आणि बदनामी म्हणून कागद उतरवला गेला, तर ब्लॉगवर टाकावा. माझं मत स्पष्ट आहे.

जुना मास्तर: नको. भिंत शाळेची, जबाबदारी मुख्याध्यापकाची. अमेरिकेतही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1988 च्या हेझलवूड निकालाने शाळेच्या अंकाला कात्री लावायची मुभा दिलीच. शिवाय अशा बातमीत साहेब सुटतो, भरडली जाते स्वयंपाकाची बाई.

कपाशी: तो निकाल शाळेने चालवलेल्या अंकाचा, आणि इथे बंधनकारकही नाही. आपल्या संविधानात बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य देणाऱ्या कलम 19(1)(अ) मध्ये वयाची अट नाही. बाईचं म्हणणं मात्र पटलं. तिचं नाव नको, फक्त वजन लिहा.

वऱ्हाडी ठेचा: वजन कायचं, ते तं सांगा! ताटातली खिचडी तोलून काही सिद्ध होत नाही. पाणी जास्त घातलं की पातळ खिचडीच जड भरते. प्रमाण कच्च्या धान्याचं असते: पहिली ते पाचवी 100 ग्रॅम, सहावी ते आठवी 150. म्हणजे वरच्या वर्गांचे 40 पोट्टे हजर असले तं 6 किलो, शिजवायच्या गंजात पडायच्या आधी. आठ-दहा दिवसांची तारीखवार नोंद पाहिजे. पटावर हजेरीच फुगवलेली निघाली, तं खरी बातमी ते हाय.

जुना मास्तर: आणि काटा लावू कोण देईल?

कपाशी: नाही दिला, तर पालकाच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज. 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. एकाच महिन्याचा धान्यसाठा आणि रोजच्या लाभार्थ्यांची नोंद मागा. ‘सगळी माहिती द्या’ लिहिलं की अर्ज लोंबकळतो. छापण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी प्रश्न द्या, उत्तर जसंच्या तसं टाका.

वऱ्हाडी ठेचा: फोटोत पोरांचे चेहरे नको. फोनमधला मूळ फोटो चढवला तं त्यात ठिकाणाची नोंद राहू शकते, ते आधी काढा. ब्लॉगचे ॲडमिन दोन मोठी माणसं ठेवा. नाहीतर पोट्टा आठवी पास होऊन गेला की पासवर्डही गेला.

जुना मास्तर: दाखल्यावर सही त्याच मुख्याध्यापकाची असते, हे विसरू नका.

कपाशी: शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5 वाचा. आठवीपर्यंत शाळा बदलताना दाखला लगेच द्यावा लागतो. अडवला तर शिस्तभंगाची कारवाई मुख्याध्यापकावरच होते.

जुना मास्तर: कारवाई तालुक्याला. पोरगं रोज त्यांच्याच वर्गात.