खांदेरीच्या मॉडेलला पाण्यातही सात पात्यांचाच पंखा हवा

दर्यासारंग

चालती मॉडेल पाणबुडी करणाऱ्यांत एक रीतच पडून गेली आहे. घरी मांडून ठेवताना सात पात्यांचा, कोयत्यासारखा वळलेला पंखा लावायचा आणि तळ्यावर निघताना तो उतरवून तीन पात्यांचा साधा बोटीचा पंखा चढवायचा. मला हे अजिबात पटत नाही. पाणबुडीच्या शेपटीला जे दिसतं त्याच्यावरच ती चालली पाहिजे, आणि नीट विचार करून यंत्रणा बसवली तर ती चालतेही.

सध्या टेबलावर आयएनएस खांदेरी आहे, १:६० प्रमाणात. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २८ सप्टेंबर २०१९ ला नौदलात दाखल झालेली, थळसमोरच्या जलदुर्गाचं नाव लावणारी. मूळ लांबी ६७.५ मीटर, रुंदी ६.२ मीटर. मॉडेल होतं १,१२५ मिमी लांब आणि १०३ मिमी जाड. बुडालेल्या अवस्थेत मूळ पाणबुडी सुमारे १,७७५ टन पाणी सारते. ६० च्या घनाने भागलं की मॉडेल सव्वाआठ किलोच्या आसपास येतं. पंखा ५० मिमीचा धरलाय.

सातच पाती का? पंख्याच्या पुढे सुकाणू आणि डाइव्ह प्लेन (पाणबुडीला वर-खाली वळवणारे आडवे पंख) मिळून चार पंख असतात. प्रत्येकाच्या मागे संथ पाण्याचा पट्टा तयार होतो. पाती चार असली तर चारही एकदम त्या पट्ट्यांत शिरतात आणि पंखा फिरवणाऱ्या दांड्याला धक्का बसतो. विषम पाती असली की एका वेळी एकच शिरतं, आणि पातं वळलेलं असेल तर तेही टोकापासून बुडापर्यंत एकदम नाही, हळूहळू. खऱ्या पाणबुडीत हे आवाज कमी करण्यासाठी असतं. मॉडेलमागे सोनार लावून कोणी बसलेलं नाही हे मान्य, पण ती थरथर दांड्याच्या, पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलपर्यंत जातेच. शिवाय वळलेल्या पात्यावरून शेवाळ घसरून जातं, सरळ पात्याला ते गुंडाळून बसतं. आपल्याकडच्या तलावांत याचं मोल किती हे सांगायला नको.

लोक ५४० ची, म्हणजे मॉडेलांत सर्रास वापरली जाणारी, जोरात फिरणारी मोटर थेट दांड्याला जोडतात, ती तापते, मग सात पात्यांना दोष देतात. दोष गिअर न लावण्याचा आहे.

नांगर

दर्यासारंग, मेहनतीला सलाम, पण मुद्द्याशी साफ असहमत.

तुम्ही ज्याला हुबेहूब म्हणताय तो पंखा पाहिलाय कोणी? पाणबुडी गोदीत असते तेव्हा शेपटीवर बहुधा ताडपत्री असते. पात्यांचा आकार हे नौदलांचं जपून ठेवलेलं गुपित आहे. १९८७ मध्ये तोशिबा मशीनचं प्रकरण बाहेर आलं ते याच कारणानं: या जपानी कंपनीने पाणबुड्यांचे पंखे कोरता येतील अशी बहुअक्षीय यंत्रं सोव्हिएत संघाला विकली होती, त्यांना जोडलेली नियंत्रणं नॉर्वेच्या कॉंग्सबर्गची होती, आणि अमेरिकेत त्यावरून मोठा गदारोळ झाला. इतकी लपवलेली वस्तू आपण दोनचार फोटोंवरून अंदाजाने कोरणार आणि तिला निष्ठा म्हणणार?

दुसरं, पाणी लहान होत नाही. मूळ पात्याचा रेनॉल्ड्स आकडा (आकार आणि वेगाच्या मानाने पाण्याचा चिकटपणा किती जाणवतो ते सांगणारा; लहान आकडा म्हणजे जास्त चिकटपणा) लाखांच्या पुढे, कोटींत जातो. ५० मिमीच्या पंख्यावर सेंटिमीटरभर रुंद पातं मिनिटाला दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांनी फिरवा, आकडा ४०-५० हजारांवर अडकतो. तिथे अरुंद पाती पाण्याला ढकलण्यापेक्षा घासतच जास्त बसतात. सात अरुंद पात्यांपेक्षा चार रुंद पाती त्याच बॅटरीवर जास्त वेळ चालतील. माझं मत: चार पाती, पितळ, पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) व्यासाइतकी. शोभेला सात.

मिती

दोघेही पात्यांची संख्या मोजताय आणि पाणबुडी बुडते कशी हे कोणीच विचारत नाहीये. माझ्या मते निवड तिथून सुरू होते.

एक पद्धत म्हणजे मॉडेल ५०-१०० ग्रॅमने तरंगतं ठेवायचं आणि वेग देऊन डाइव्ह प्लेनने खाली दाबायचं. बॅटरी किंवा सिग्नल गेला की ते आपोआप वर येतं, म्हणून नवीन माणसाला हेच सांगतात. पण इथे वेग गेला की खोली गेली. आणि खांदेरीसारख्या एका पंख्याच्या पाणबुडीत मागचे प्लेन पंख्याच्या *पुढे* असतात. पंख्याचा झोत त्यांच्यावर पडतच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टाइप सातच्या पाणबुड्यांत सुकाणू पंख्यांच्या मागे होती, तिथे मोटर चालू केली की सुकाणूला लगेच पाणी मिळायचं. आपल्याकडे आख्खी पाणबुडी पुढे सरकल्याशिवाय प्लेन काही करत नाहीत. अशा मॉडेलला जोर लवकर देणारा पंखाच पाहिजे, इथे मी नांगर यांच्या बाजूने.

पण आत बॅलास्ट टाकी (बुडण्यासाठी पाणी भरून घ्यायची टाकी) असेल तर गोष्ट बदलते. खांदेरीचं पृष्ठभागावरचं वजन सुमारे १,६१५ टन, म्हणजे बुडायला १६० टन पाणी. १:६० ला ते ७४० मिलीच्या आसपास. एवढं पाणी आत घेणारी पिस्टन टाकी बसवली तर मॉडेल जागेवर बुडतं, आणि मग चालीच्या वेगाने तरंगत जायला सात पाती पुरून उरतात.

दर्यासारंग, तुमची टाकी आहे की नाही हे तुम्ही लिहिलंच नाहीये.

तांडेल

मी रत्नागिरीकडचा, ट्रॉलरची इंजिनं बघतो. मॉडेल एक केलंय, ते पण बोटीचं. तरी बोलतो.

आमच्याकडं इंजिन आणि पंख्यात गिअर असतोच, तीनाला एक, चाराला एक. पंखा मोठा आन् सावकाश फिरणारा. लहान पंखा जोरात फिरवला की पाणी नुसतं फेसाळतं, बोट हलत नाही. त्यामुळं गिअर लावा हे दर्यासारंग बोलले ते शंभर टक्के बरोबर. पण सात पाती कशाला? चार पात्यांवर जाळं ओढतो आम्ही.

आणि मागं घेताना काय करणार ते सांगा. वळलेल्या पात्याचा पंखा उलटा फिरवला की पकडत नाही. समोर बांध आला, तुम्ही रिव्हर्स दिला, आणि आठ किलोचा बोजा आहे तो तसाच पुढं चाललाय. नाक फुटणार.

दर्यासारंग

मितीताई, टाकी आहे, पिस्टनचीच, ७५० मिलीची. ते सुरुवातीलाच यायला हवं होतं, तुमचा मुद्दा रास्त आहे.

आता वेगाचं गणित मांडतो. मूळ पाणबुडी पाण्याखाली २० नॉट, म्हणजे सेकंदाला १०.३ मीटर. लाट आणि चाल नजरेला खरी वाटावी म्हणून वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करतात. ६० चं वर्गमूळ ७.७५, वेग येतो १.३३ मीटर. काठावरून माणूस सोबत चालेल इतकाच. ५० मिमी पिच आणि ३० टक्के घसर (पिचपेक्षा प्रत्यक्षात जेवढं कमी सरकतं ते) धरली तर मिनिटाला साधारण २,३०० फेरे लागतात. ही काही पळवायची बोट नाही. नांगर म्हणतात त्या घासण्यात बॅटरी थोडी जास्त जाईल, जाऊ दे.

आकार अंदाजाचा आहे हे खरं. पण सगळ्या पाणबुडीवर आपण फोटोंवरूनच काम करतो, मग फक्त पंख्यालाच हा नियम का? मी पातं कास्टेबल रेझिनमध्ये (साच्यात जळून निघून जाणाऱ्या) प्रिंट करतो आणि दागिन्यांचं कास्टिंग करणाऱ्याकडून पितळेत ओतून घेतो. धातू थंड होताना आकसतो म्हणून मूळ आकार दीड-दोन टक्के मोठा ठेवायचा, आणि धातू आत जायची दांडी हबवर, म्हणजे पंख्याच्या मधल्या गाभ्यावर द्यायची, पात्याच्या टोकाला कधीच नाही. मग पंखा सरळ सळईवर चढवून ती सळई दोन ब्लेडच्या धारांवर आडवी ठेवायची. जड पातं फिरून खाली येतं. त्याची मागची बाजू कानशीने दोन-तीन हात मारून पुन्हा ठेवायचं. कुठेही थांबवा, तिथेच थांबला म्हणजे झालं. या कामाला एक संध्याकाळ जाते, पण नंतर दांड्यात थरथर राहत नाही.

तांडेलकाका, रिव्हर्सचं म्हणणं मान्य. बांध येण्याआधी मोटर बंद करून टाकीतलं पाणी बाहेर ढकलायचं, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

विझागकर

थोडं अवांतर. झाकलेल्या पंख्याचाच त्रास असेल तर जुन्या सोव्हिएत बांधणीच्या फॉक्सट्रॉट वर्गाची करा ना. आयएनएस कुरसुरा इथे विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे, बाहेरून चालत फिरता येतं. या वर्गाला तीन दांडे. १:९६ ला सुद्धा ती जवळपास ९५ सेमी भरते. बाजूचे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरवले की मॉडेल एका कुशीवर कलंडायचंही कमी होतं. एकाच मोठ्या पंख्याने ते कलतं, यावर अजून कोणी बोललं नाही.

नांगर

विझागकर, चांगली आठवण केलीत. दर्यासारंग, सात पाती आणि ५० पिच, झटक्यात मोटर दिली की तुमची खांदेरी पंख्याच्या उलट दिशेला कलणार. शिसं जेवढं खाली आणि फोम जेवढा वर तेवढं बरं. स्पीड कंट्रोलरला सावकाश चढणारी सुरुवात लावून घ्या.

आणि वाद मोजून मिटवू. पाणबुडी दोरीने ताणकाट्याला बांधा, बॅटरीच्या वायरीत अँपिअर मीटर घाला. तुमचा सात पात्यांचा आणि माझा चार पात्यांचा, दोन्ही एकाच करंटवर. ज्याचा ग्रॅमचा आकडा मोठा तो पंखा.

मिती

फक्त ताणकाट्यावर जाऊ नका. बांधलेल्या अवस्थेत कमी पिचचा पंखा नेहमी भाव खाऊन जातो आणि मोकळं सोडल्यावर मागे पडतो. तेव्हा दोन्ही पंख्यांची पिच आधी सारखी ठेवा. काट्यानंतर प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं एखादं शेततळं बघा, पाणी स्वच्छ असतं. दोन खुंट्यांमध्ये १० मीटर अंतर ठेवून, पूर्ण बुडालेल्या पाणबुडीला घड्याळ लावा, जातानाही आणि येतानाही, म्हणजे वारा-प्रवाह वजा होतो. करंट दोन्ही वेळी लिहून ठेवा. आणि दर्यासारंग, सुरुवातीला सीलच्या थरथरीबद्दल लिहिलंत ना? मग दोन्ही पंख्यांनी अर्धा-अर्धा तास चालवून झाल्यावर मोटर-बॅटरीचा बंद डबा उघडून आत किती पाणी आलं तेही मोजा. तो आकडा मला वेगापेक्षा जास्त हवा आहे.