मुलांना मनाची औषधं: सुरू कोण करतं ते कळतं, थांबवायचं कोणी?

कोरी पाटी

एका जागी बसत नाही, लक्ष लागत नाही म्हणून मिथाइलफेनिडेट. सारखी रडते, शाळेत जायला तयार नाही म्हणून फ्लुओक्सेटिन. चिडतो, वस्तू फेकतो म्हणून रिस्पेरिडोन. मुलांना ही औषधं देऊच नयेत असं मी म्हणत नाही. सुरू करताना डॉक्टर, पालक, शाळा सगळे बोलतात. थांबवून बघायचं का, हे विचारायला पुढे कोणी उरत नाही. माझा मुद्दा एवढाच.

हे महत्त्वाचं का? कारण औषधांच्या चाचण्या चालतात काही आठवडे, फार तर वर्षभर, आणि मुलं गोळ्या घेतात वर्षानुवर्षं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलता, यावरचा एमटीए हा मोठा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, १४ महिने उपचार. नीट देखरेखीत औषध घेणारी मुलं नुसते वर्तनोपचार घेणाऱ्यांपेक्षा सुधारली, हे सगळे सांगतात. तीन वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली तेव्हा गटांमधला फरक पुसला गेला होता, हे फारसं कोणी सांगत नाही. अभ्यासात पहिल्यांदा औषध सुरू होऊन ते चालू राहिलेली मुलं औषध न घेतलेल्यांपेक्षा सरासरी दोन सेंटिमीटरने उंचीला कमी भरली, हेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मिथाइलफेनिडेट घ्यावं, असा प्रस्ताव २०१९ आणि २०२१ मध्ये आला आणि दोन्ही वेळा नाकारला गेला. आक्षेप होता पुराव्याच्या दर्जावर.

प्रत्येक चिठ्ठीवर औषधाच्या नावासोबत फेरविचाराची तारीख का नसावी?

दोन मुलांची आई

तीव्र असहमत. ज्यांच्या घरात असं मूल नाही त्यांना हे लिहिणं सोपं आहे. आमच्या मोठ्याला रोज शाळेतून तक्रार, वाढदिवसाला कोणी बोलावत नसे, गृहपाठावरून रात्री घरात रडारड. दिनक्रम लावून दिला, बक्षिसांचा तक्ता केला, समुपदेशकांकडे गेलो. सगळं झाल्यावर गोळीपर्यंत पोचलो. गोळीने तो हुशार झाला नाही, पण समोरचा काय बोलतोय ते शेवटपर्यंत ऐकायला लागला. त्यातून त्याला मित्र मिळाले. डोळ्यांना नंबर लागला तर चष्मा देतोच ना? तेव्हा कोणी फेरविचाराची तारीख मागत नाही.

आणि थांबवण्याबद्दल कोणी बोलत नाही, हेही खरं नाही. आमच्या डॉक्टरांनीच सुट्टीत बंद करून बघायला सांगितलं होतं. बघितलं, आणि पुन्हा सुरू केली.

उगाच

चष्म्याचा नंबर तपासून काढता येतो. एडीएचडी किंवा नैराश्य रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, स्कॅनमध्येही नाही. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांवर आणि आईने, शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर ठरतं.

आणि या प्रश्नावल्यांच्या पलीकडे कोण बसलंय तेही बघा. पॅरॉक्सेटिन किशोरवयीनांच्या नैराश्यावर परिणामकारक आहे आणि त्यांना ते सोसतं, असं सांगणारा ‘स्टडी ३२९’ २००१ मध्ये छापून आला. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच मूळ माहिती पुन्हा तपासली, तर औषध परिणामकारकही नव्हतं आणि सुरक्षितही नव्हतं. मधल्या काळात, २०१२ मध्ये, हे औषध विकणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून तीन अब्ज डॉलर भरले. अठरा वर्षांखालच्यांसाठी या औषधाचा बेकायदा प्रचार हा त्यातला एक आरोप. आता सांगा, विश्वास कशावर ठेवायचा?

वर्गशिक्षिका

एकच भर घालते. वर्गात जन्मतारखेने सगळ्यात लहान असलेल्या मुलांना एडीएचडीचं निदान जास्त होतं, असं बऱ्याच देशांत दिसलंय. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तुकडी जन्मवर्षाप्रमाणे ठरते. तिथल्या अभ्यासात डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्के जास्त निदान झालं होतं, मुलींना ७० टक्के. अकरा महिन्यांनी लहान मूल जास्त चुळबुळ करणारच. हे फॉर्म आम्ही शिक्षकच भरतो. त्यावर मुलाचं वय ठळक छापलेलं असावं, एवढी माझी मागणी आहे. बाकी वाद तुम्ही चालू ठेवा.

बालमानस

मी बालमानसोपचारतज्ज्ञ आहे. प्रतिसाद लांबणार, आधीच सांगते.

एमटीएचं आधी. १४ महिन्यांनंतर अभ्यासातले उपचार संपले. पुढे कोणी औषध सोडलं, कोणी नव्याने सुरू केलं, देखरेखही पूर्वीसारखी राहिली नाही. त्यामुळे तीन वर्षांनी गट सारखे दिसले यावरून औषधाचा परिणाम संपतो, असं सिद्ध होत नाही. उलटही सिद्ध होत नाही, हे मान्य. उंचीचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच प्रत्येक भेटीत उंची, वजन, नाडी, रक्तदाब बघायचा असतो.

‘उगाच’ यांनी मांडलेलं पॅरॉक्सेटिनचं प्रकरण आमच्या शाखेला लाज आणणारं आहे, त्यावर पांघरूण घालणार नाही. पण एका औषधाच्या खोटेपणावरून सगळी औषधं निकालात काढू नका. २०१६ मध्ये मुलांच्या नैराश्यावरच्या १४ औषधांची एकत्र तुलना झाली, त्यात निष्क्रिय (म्हणजे औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशा) गोळीपेक्षा सरस ठरलं ते एकटं फ्लुओक्सेटिन. म्हणजे तेरा औषधांबद्दल तुमची शंका रास्त, चौदाव्याबद्दल नाही. नैराश्यावरच्या २००४ च्या टॅड्स अभ्यासात १२ ते १७ वयाची ४३९ मुलं होती. बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन आणि संवादोपचार (थेरपिस्टशी बोलून होणारा उपचार) दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारली, नुसत्या औषधाने ६१, नुसत्या संवादोपचाराने ४३, निष्क्रिय गोळीने ३५.

आत्महत्येचा मुद्दा अजून कोणी काढला नाही, पण तो येणारच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये नैराश्याच्या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. २४ चाचण्या एकत्र केल्यावर आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध घेणाऱ्यांत ४ टक्के आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २ टक्के दिसलं. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. धोका खरा आहे आणि तो मुख्यतः पहिल्या आठवड्यांतला आणि डोस बदलतानाचा आहे. त्या काळात मुलाला वारंवार भेटायचं असतं. नुसती चिठ्ठी देऊन महिन्याने या म्हणणारा डॉक्टर चुकतो. पण उपचार न झालेलं नैराश्यही जीव घेतं, आणि त्याच्या वेष्टनावर कोणी चौकट छापत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काळजी रिस्पेरिडोनसारख्या औषधांची वाटते. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेत २००६ मध्ये पाच ते सोळा वर्षांच्या मुलांकरता त्याला मान्यता मिळाली, आणि तिथे ते खरोखर उपयोगी पडतं. पण नुसतं मूल आवरत नाही म्हणूनही ते दिलं जातं. वजन झपाट्याने वाढतं, साखर आणि चरबी बिघडते, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून मुलग्यांचीही छाती वाढू शकते. इथे धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत.

जुना रुग्ण

किशोरवयात मी नैराश्याच्या गोळ्या घेतल्या आहेत. त्यांनी मला वाचवलं असं मी मानतो, त्यामुळे ‘उगाच’ यांच्या बाजूला मला धरू नका.

पण मला कोणी विचारलं नाही. डॉक्टर आईशी बोलले, आईने मान हलवली, मी बाजूच्या खुर्चीत. किती दिवस घ्यायच्या, हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मग कॉलेजात बरं वाटतंय म्हणून एके दिवशी स्वतःच बंद केल्या. डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, चक्कर, रात्रभर जाग. आजार परत आला असं वाटून घाबरून पुन्हा सुरू केल्या. ही गोळी एकदम सोडल्याची लक्षणं होती आणि डोस हळूहळू उतरवायचा असतो, हे खूप नंतर कळलं. चौदा-पंधराच्या मुलाला एवढं समजतं हो. सांगून तर बघा.

कोरी पाटी

‘जुना रुग्ण’ यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका मांडला.

बालमानस, टॅड्समधला सगळ्यात मोठा आकडा दोन्ही उपचार मिळालेल्यांचा आहे. चिंताविकारावरच्या २००८ च्या कॅम्स अभ्यासातही तसंच: सर्ट्रालिन हे औषध आणि संवादोपचार मिळून ८१ टक्के मुलं सुधारली, नुसता संवादोपचार ६०, नुसतं औषध ५५, निष्क्रिय गोळी २४. इथे तर संवादोपचार औषधाच्या मागे नाही. मग प्रत्यक्षात बऱ्याच मुलांच्या वाट्याला नुसती गोळीच का येते?

बालमानस

कारण गोळी आज देता येते. शिकलेला थेरपिस्ट मिळाला तर महिन्यांनी मिळतो, आणि दर आठवड्याला यायला कुटुंबाकडे वेळ लागतो. हे समर्थन नाही, कारण सांगितलं. समोर जेवण सोडलेली मुलगी बसली असेल तर मी थेरपिस्टची वाट बघत बसणार नाही.

फेरविचाराच्या तारखेला माझा विरोध नाही. तिचा अर्थ ‘बंद करण्याची तारीख’ असा होऊ नये, एवढंच. ज्याला नैराश्य तिसऱ्यांदा उलटलंय त्याचं औषध कॅलेंडर बघून काढणं धोक्याचं आहे. आणि कृपया हा धागा वाचून कोणी मुलाची गोळी परस्पर थांबवू नका.

उगाच

म्हणजे तारीख लिहायची, पण पाळायची की नाही ते तुम्हीच ठरवणार. छान.

दोन मुलांची आई

उगाच, टोमणे पुरे.

बालमानस, एक विचारायचं होतं. आमचा धाकटा ऑटिझमसाठी रिस्पेरिडोनवर आहे. वजन वाढलंय, पण तो खातोच जास्त म्हणून आम्ही फार मनावर घेतलं नाही. रक्त कधी तपासायला कोणी सांगितलं नाही. काय काय तपासायचं, आणि कधी?

बालमानस

ताई, भूक वाढणं हा औषधाचाच परिणाम असू शकतो. उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी औषध सुरू करण्याआधी करायची असते, मग तीन महिन्यांनी, पुढे किमान वर्षातून एकदा. सुरुवातीला वजन दर महिन्याला. तुमची पहिली तपासणी राहिली असेल तर या आठवड्यात करून घ्या आणि रिपोर्ट घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा. डोस कमी करता येईल का, हे तेव्हा विचारा. तोवर गोळी चालू ठेवा.