मदत हवी आहे : पंडितजींसोबतचा जुना फोटो अल्बमला चिकटलाय

नमस्कार मंडळी,
१९९७ च्या डिसेंबरात बाबा मला पहिल्यांदा सवाईला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, घेऊन गेले. रमणबागेच्या मैदानावर, भारतीय बैठकीत, एका शालीत आम्ही दोघं. कार्यक्रम संपल्यावर पंडित भीमसेन जोशी दिसले तेव्हा बाबांना बोलताच येईना, नुसते वाकून नमस्कार करत राहिले. शेजारच्या काकांनी आमच्याच कॅमेऱ्याने फोटो काढला. पुढे त्याच्या मागच्या बाजूवर पंडितजींची सहीही मिळाली, शाईच्या पेनाने केलेली.

बाबा मार्चमध्ये गेले. आता तो फोटो हवाय, पण तो चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममध्ये आहे आणि पानाला पक्का बसलाय. एक कोपरा उचलून पाहिला तर कागदाचा पापुद्रा निघायला लागला, म्हणून तिथेच थांबले. निगेटिव्ह सापडत नाही.

दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवतात असं कळलं. कुणी स्वतः केलंय का? सहीची शाई पुसली जाईल का, ही खरी भीती आहे. हेअर ड्रायरची हिंमत होत नाही. आधी आहे तसाच स्कॅन करून घ्यावा ना? पुण्यात असं काम जपून करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.

आणि त्या वर्षीच्या सवाईचे फोटो कुणाकडे असतील तर इथे टाकाल का? गर्दीत कुठेतरी तपकिरी शालीतले बाबा दिसतीलही.