उत्तर: उत्तर: पाहुण्यांना आणायला ऑकलंड विमानतळावर कोण जातंय? (शनिवार की शुक्रवार??)

मंदार:
मंडळी, वैशालीताईंच्या तक्त्यात माझ्या नावापुढे 'शनिवार, ००:१०' आहे. दिवाळी पहाट शनिवारी सकाळी ७ ला. मग गायकबुवा फराळ संपल्यावर उतरणार की काय? ज्यांच्याकडे तिकीट आहे त्यांनी एकदा नीट बघा. शुक्रवारी मला रात्रपाळी आहे.

वैशाली:
तिकिटावर छापलंय तेच उतरवलंय. पदरचं काही घातलेलं नाही.

अण्णा:
अहो, शनिवार ००:१० म्हणजे शुक्रवारी जेवणं आटोपून निघायचं. मुंबईहून गुरुवारी रात्री ११:३० ला सुटतात. घड्याळात २४ तास ४० मिनिटं दिसतात, त्यातून भारत-न्यूझीलंड वेळेतला फरक, साडेसात तास, वजा करा. साडेसहा नव्हे! सप्टेंबरअखेर इथली घड्याळं पुढे गेली. तबलजींच्या वेळचा घोळ आठवतोय ना? उरले १७ तास १० मिनिटं. सिंगापूरपर्यंत साडेपाच, तिथे दोनेक तास बसणं, पुढे दहाच्या आत.

निखिल:
दुबईमार्गे स्वस्त मिळत होतं, मी तेव्हाच म्हटलं होतं. माझी मावशी तशीच आली, छान झोपून.

अण्णा:
निखिल, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघ. मुंबई ते ऑकलंड सरळ १२,३०० किलोमीटर. सिंगापूरमार्गे ३,९०० अधिक ८,४००, म्हणजे वाट जवळपास वाकडी होतच नाही. दुबईला जायचं तर आधी १,९०० किलोमीटर उलटं, मग तिथून १४,२००. सोळा हजारांच्या वर! दुसरा टप्पा एका बैठकीत सोळा तासांचा. परतताना वारा समोरून, तेव्हा सतरा. मावशींना सकाळी गायचं नव्हतं.

सुनंदाकाकू:
गळ्याचं अण्णा बरोबर बोलले. विमानातली हवा फार कोरडी, ह्यांचा आवाज दोन दिवस बसला होता. बुवांना ज्येष्ठमध ठेवायला सांगा. आणि त्यांच्या घरून लाडू-चिवडा देतीलच, तेव्हा उतरताना भरायच्या कार्डावर खाण्याच्या प्रश्नाला 'हो' लिहायचं म्हणावं. लिहिलं नाही तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. ज्येष्ठमधही लिहायचं बरं का.

वैशाली:
फराळाची चर्चा फराळाच्या धाग्यावर. आणि तिकीट कार्यकारिणीने ठरवून काढलंय, निखिल. सभेला आला असतास तर तिथेच बोलता आलं असतं.

निखिल:
सभा बुधवारी दुपारी कोण ठेवतं?

अण्णा:
एक राहिलंच. आपले सकाळचे ७ म्हणजे बुवांच्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा. सकाळचा राग ललत कसला, रात्रीचा मालकंस सुचायचा त्यांना. आधी स्थानिक मुलांचं घ्या, बुवांना ९ नंतर बसवा.

वैशाली:
मुलांचं ९ ला छापून झालंय. पालक मला फाडून खातील.

मंदार:
ते तुम्ही बघा हो. माझी रात्रपाळी तशीच आहे! शुक्रवारी कोण जातंय? तानपुऱ्याची पेटी आहे, छोट्या गाडीत मावणार नाही.

निखिल:
मी जातो. सामान घेऊन, तपासणी होऊन बाहेर यायला एक तरी वाजेल. पार्किंगची पावती मंडळाच्या नावावर, हे आत्ताच सांगून ठेवतो.

वैशाली:
पावती खजिनदारांना पाठव, मला नको.